हात लावू नये

तपासणी गुरुवारी होणार असं ठरलेलं असताना तपासनीस बाईंचा फोन मंगळवारी सकाळीच आला. त्यांची दुसरीकडची एक भेट रद्द झाली होती आणि हातात दुपार मोकळी होती. "आजच येऊन जाते म्हणते. संग्रहालय उघडं असेल ना?" त्यांनी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "उघडंच आहे." यात खोटं काहीच नव्हतं. संग्रहालय उघडं होतं आणि जरा जास्तच उघडं होतं. फोन खाली ठेवून त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली, तेव्हा फळ्यांवर वस्तूंपेक्षा मोकळी जागाच जास्त दिसत होती.

हेडक्लार्क आता हेडक्लार्क राहिले नव्हते. पाणीपट्टीच्या कचेरीतून ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण हुद्दा गेला तरी गल्लीने नाव सोडलं नाही. माणूस टापटिपीचा, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव भिडस्त. सगळी नोकरी त्यांनी "बघतो", "विचारून सांगतो", "उद्या एक चक्कर टाका" यावर काढली. समोरच्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. कचेरीत अशा माणसाचं एकवेळ भागून जातं. संग्रहालयात भागत नाही.

गल्लीच्या तोंडाशी जकातीची जुनी चौकी होती. जकात बंद झाली आणि चौकी ओस पडली. स्थानिक वारसा जपणाऱ्यांना सरकारकडून अनुदान मिळतं, हे हेडक्लार्कांना समजलं, त्यांनी अर्ज केला, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना पहिला हप्ता आला. छप्पर दुरुस्त झालं, भिंतींना रंग लागला, फळ्या बसल्या. मग गल्ली समितीच्या अध्यक्षबाई घरोघर फिरल्या आणि माळ्यांवरच्या जुन्या वस्तू गोळा करून आणल्या. पथदिवे पेटवणाऱ्याची सागवानी शिडी आली. किराणा दुकानदाराच्या आजोबांची पितळी तागडी आली. एका सुताराने पाय मोडल्यावर स्वतःसाठी घडवलेल्या कुबड्या आल्या. खुद्द अध्यक्षबाईंच्या घरचा पाळणा आला, ज्यात अर्धी गल्ली झोपून मोठी झाली होती. तो किराणा दुकानदारसुद्धा कधीकाळी त्यात मावत होता, असं अध्यक्षबाई सांगत आणि ऐकणारा दुकानदाराकडे बघून गप्प बसे. प्रत्येक वस्तूपुढे हेडक्लार्कांनी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड लावलं. वस्तू काय, कोणाची, कशासाठी वापरत, हे सगळं सुवाच्य अक्षरात.

घोटाळा त्या कार्डांनीच केला. या गल्लीत मागून नेण्याची पद्धत जुनी होती. पण पूर्वी शिडी हवी असेल तर ती कोणाकडे आहे हे आठवावं लागे, त्या घरात त्या दिवशी कोणाचं कोणाशी बिनसलंय याचा अंदाज घ्यावा लागे, चहाला थांबावं लागे. आता सगळं एका जागी, पुसून, नाव घालून मांडलेलं. पहिल्या आठवड्यात लोक बघायला आले. दुसऱ्या आठवड्यात न्यायला आले. "संध्याकाळी आणून देतो" असं म्हणत, आणि आणूनही देत, नाही असं नाही. फक्त कोणत्या संध्याकाळी ते सांगत नसत. वस्तू त्यांनीच दिलेल्या, त्यांना अडवायचं कोणत्या तोंडाने? हेडक्लार्क म्हणत, "बघा, जपून वापरा," आणि रिकाम्या जागेवरचं कार्ड सरळ करून ठेवत.

यावर त्यांनी मनाशी एक तोड काढली होती. अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्यातून काचेची कपाटं करायची आणि त्यांना कुलपं लावायची. आपल्याला म्हणता येत नाही ते कुलूप म्हणेल. पण दुसरा हप्ता तपासणीवर अवलंबून होता आणि अट स्पष्ट होती. वस्तू जागेवर दिसल्या तर हप्ता. नाही दिसल्या तर चौकी नगरपालिकेकडे परत. नगरपालिकेला तिथे कचऱ्याच्या हातगाड्या ठेवायच्या होत्या.

हेडक्लार्कांना कचऱ्याच्या गाड्यांचं वावडं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मुलगा आणि सून कामाला गेले की घर त्यांना खायला उठे. पाणी पिऊन पेला विसळून ठेवला की पुढे काय करावं ते सुचत नसे. चौकीमुळे डबा घेऊन कुठेतरी जायचं निमित्त मिळालं होतं. चौकी गेली तर आपण पुन्हा त्या पेल्यासमोर येऊन बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटे.

सगळ्या संग्रहालयात एकच वस्तू कधी बाहेर गेली नव्हती. कोपऱ्यात बायकोचं शिवणाचं पायमशीन होतं. तिने त्यावर गल्लीतल्या मुलांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय शिवलं होतं. लाकडी फळीची उजवी कड तिच्या मनगटाने घासून गुळगुळीत झाली होती. सुईत निळा दोरा ओवलेला होता तो तसाच होता. शेवटचं ती काय शिवत होती ते त्यांना आठवत नव्हतं, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. या मशीनपुढच्या कार्डावर माहिती नव्हती. तीनच शब्द होते: हात लावू नये. गल्लीनेही ते पाळलं होतं.

फोन ठेवल्याबरोबर हेडक्लार्क अध्यक्षबाईंकडे गेले. अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला नाही, कारण हातात कणीक होती. त्यांनी कणीक झाकली आणि चपला घातल्या. "चला, एकेक करून गोळा करू. काय काय बाहेर आहे?" त्यांनी विचारलं.

"आत काय आहे ते सांगायला कमी वेळ लागेल," हेडक्लार्क म्हणाले.

आधी ते तागडीसाठी दुकानात गेले. दुकानदार अंधारात बसून तिच्यात तांदूळ जोखत होता. पहाटे फर्निचरचा एक ट्रक गल्लीत घुसला होता आणि टपावरच्या कपाटाने विजेची तार तोडून टाकली होती. दिवे गेले, दुकानातला विजेचा काटा बंद पडला, आणि दुकानदाराने चौकीतून आजोबांची तागडी उचलली. ती देण्यात त्याला काही अडचण नव्हती. फक्त दिवे येऊ देत, एवढंच त्याचं म्हणणं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तांदूळ काय ओंजळीने मोजून देऊ, असं त्याने विचारलं, आणि गिऱ्हाइकांनी हेडक्लार्कांकडे अशा नजरेने पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

म्हणजे दिवे यायला हवे होते. दिवे आणण्याचं काम गल्लीतलाच वायरमन करत होता आणि तो खांबाजवळ शिडीवर चढला होता. शिडी संग्रहालयाची. वीज कंपनीची शिडीची गाडी दुसऱ्या कुठल्या कामावर गेली होती, ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती, तेव्हा तो बिचारा आपल्या सुट्टीच्या दिवशी हे करत होता. "काका, वीस वर्षं शिड्या वापरतोय, पण अशी शिडी पाहिली नाही," तो वरून म्हणाला. "हलतसुद्धा नाही."

शिडी हलत नव्हती, कारण ती प्लंबरने खाली घट्ट धरली होती. प्लंबर मागच्या आठवड्यात कोणाच्या तरी न्हाणीघरातली गळती काढायला गेला आणि त्याच गळतीवरून घसरला. पायाला प्लास्टर होतं. तो उभा होता संग्रहालयाच्या कुबड्यांवर. कुबड्यांनी प्लंबरला धरलं होतं, प्लंबरने शिडीला धरलं होतं, शिडीने वायरमनला धरलं होतं, आणि वायरमनच्या हातात सगळ्या गल्लीची वीज होती. यातलं काय आधी काढावं, याचा हेडक्लार्कांनी थोडा वेळ विचार केला आणि काहीच न काढता ते पुढे निघाले.

"पाळणा तरी आणू," अध्यक्षबाई म्हणाल्या. पाळणा वायरमनच्याच घरी होता. वायरमनची बायको शिवणकाम करायची. गल्ली तिला शिवणवाली म्हणे. शिवण ती हेडक्लार्कांच्या बायकोच्या हाताखाली शिकली होती. दारात पोचल्याबरोबर तिने दोघांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. पंखा बंद असल्याने सकाळभर रडून बाळाचा आत्ता कुठे डोळा लागला होता. बाळाला उठवून पाळणा न्यायचा, हे अध्यक्षबाईंच्याही धारिष्ट्यापलीकडचं होतं. त्या खाली वाकल्या, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की आपण पाळणा चौकीतच आहे असं समजू.

खोलीत जिकडेतिकडे गणवेशांचे कापलेले तुकडे पडले होते. शिवणवालीचं मशीन मोटारीवर चालणारं, ते सकाळपासून मुकं होतं. गणवेश त्या संध्याकाळी शाळेत पोचवायचे होते. वेळ चुकली तर पुढच्या वर्षी काम कारखान्याला देऊ, असं शाळेने आधीच बजावलं होतं. हे सगळं ती हळू आवाजात, पाळण्याची दोरी ओढत सांगत होती. मग ती थांबली आणि म्हणाली, "काका, एक विचारू? काकूंचं मशीन आजच्या दिवस मिळेल? तिथेच बसून शिवीन. बाहेर नेणार नाही."

हेडक्लार्क म्हणाले, "बघतो."

गल्लीत त्यांच्या 'बघतो'चा अर्थ सगळ्यांना माहीत होता. शिवणवालीने मान हलवली आणि दोरी ओढायला लागली. बाहेर आल्यावर अध्यक्षबाई हेडक्लार्कांसाठी न थांबता पुढे चालू लागल्या. शिडी देतो, तागडी देतो, हसून देतो, आणि आपलं द्यायची वेळ आली की 'बघतो'. हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि आवडलं नाही. पण त्या सुईतला निळा दोरा कोणीतरी ओढून काढणार, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं.

तपासनीस बाई दुपारी बसमधून उतरल्या. खांद्याला मोठी तपकिरी पिशवी, हातात छत्री, चेहरा धड रागीट नाही धड हसरा नाही. चौकीत दिवे नव्हते. अर्धवट अंधारात त्यांनी एकेका कार्डापाशी जाऊन, वाकून, सगळा मजकूर वाचला आणि प्रत्येक कार्डाच्या मागे काय आहे ते पाहिलं. मागे भिंत होती.

"माहिती फार छान लिहिली आहे," त्या म्हणाल्या. "वस्तू कुठे आहेत?"

दुरुस्तीला गेल्या आहेत, असं सांगायचं हेडक्लार्कांनी वाटेत ठरवलं होतं. पण खोटं बोलायलासुद्धा खऱ्याला 'नाही' म्हणावं लागतं. ते म्हणाले, "वस्तू कामावर गेल्या आहेत. चला, दाखवतो."

आणि मग संग्रहालयाची तपासणी रस्त्याने सुरू झाली. बाईंनी तागडीत तांदूळ जोखताना पाहिले, आणि दुकानदाराने न सांगता आजोबांच्या चार गोष्टी ऐकवल्या, त्यातल्या दोन तरी खऱ्या असाव्यात. बाळाचा पाळणा त्यांनी दारातूनच पाहिला. बाईंना चपला काढायला लावून अध्यक्षबाईंनी पाळण्यात वाढलेल्यांची नावं कुजबुजत सांगितली. ते ऐकून शिवणवालीही कुतूहलाने त्यांच्या मागोमाग दाराबाहेर आली, आणि बाळाच्या झोपेला धोका नको म्हणून सगळी मंडळी खांबाकडे सरकली.

तिथे प्लंबरने घात केला. सरकारी पाहुण्या आल्या आहेत हे बघून त्याला अदबीने उभं राहावंसं वाटलं. त्याने नमस्कारासाठी शिडीवरचा हात काढला. कुबडी घसरली, शिडी डुलली, वायरमनने वर खांबाला मिठी मारली आणि त्याची पक्कड सुटली. ती नेमकी बाईंच्या डोक्याच्या दिशेने येत होती. आयुष्यभर कोणाच्या अंगाला बोट न लावलेल्या हेडक्लार्कांनी बाईंची पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि जिवाच्या आकांताने ओढली. बाई वाचल्या. पिशवीचा पट्टा मुळापासून निघाला आणि फाईल, चष्म्याची डबी, डबा, कंगवा, अर्धवट विणलेला मोजा हे सगळं रस्त्यावर पसरलं.

बाईंनी मोजा उचलला, झटकला आणि फाटलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यांना अजून दोन बस बदलून घरी परतायचं होतं. "इथे हे कोणी शिवून देईल का?" त्यांनी विचारलं.

शिवणवाली पुढे झाली आणि तिने पट्टा हातात घेऊन पाहिला. "दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली. "पण माझं मशीन बंद आहे. दिवे नाहीत." एवढं बोलून ती थांबली. सगळी गल्ली हेडक्लार्कांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

चौकीत जाऊन हेडक्लार्कांनी स्वतः मशीनवरचं कापड काढलं. कार्ड उचलून त्यांनी फळीवर पालथं ठेवलं. शिवणवाली बसली, तिने चाकावरचा पट्टा चाचपून पाहिला, दुकानदाराने आणलेलं तेल दोन जागी सोडलं. मग तिचा हात सुईपाशी जाऊन थांबला. "काका, दोरा बदलू का? पिशवी तपकिरी आहे."

हेडक्लार्क जरा वेळ सुईकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आहे तो चालेल?"

"चालेल की. दिसेल फक्त."

"मग आहे तोच राहू दे."

शिवणवालीच्या पावलांखाली मशीनचा पायटा हलला. आधी कुरकुर झाली, मग चाकाने वेग घेतला आणि तो आवाज सुरू झाला. हा आवाज आपण विसरलेलो नाही, हे हेडक्लार्कांना ठाऊक होतं. पण आपल्याला तो ऐकायचा होता, हे त्यांना तेव्हा समजलं. त्यांचे डोळे भरून आले. चौकीत अंधार होता याचं त्यांना बरं वाटलं. तपासनीस बाई दुसरीकडे बघत मोज्याचे सुटलेले टाके मोजत होत्या, बहुधा मुद्दामच.

तपकिरी पिशवीवर निळी टीप ठसठशीत दिसत होती. बाईंनी पट्टा ओढून पाहिला, पिशवी खांद्याला लावली आणि फाईल उघडली. हेडक्लार्कांनी मनाची तयारी केली. त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं की वस्तू जागेवर नव्हत्या, चूक आपली आहे, आपल्याला लोकांना अडवता येत नाही.

"वस्तू इथे होत्या असं मला लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या. "वस्तू पाहिल्या, एवढं लिहिता येईल." फाईल मिटून त्या बसकडे निघाल्या. त्यांच्यामागे मशीन बंद पडलं नव्हतं. शिवणवालीने नवऱ्याला हाक मारून गणवेशांचे गठ्ठे मागवून घेतले होते, बाळापाशी अध्यक्षबाई जाऊन बसल्या होत्या, आणि दिवे आल्यावरही ती उठली नाही. गणवेश संध्याकाळी शाळेत पोचले.

काही आठवड्यांनी अनुदान कचेरीचं उत्तर आलं. अध्यक्षबाईंनी ते चौकीच्या पायरीवर उभं राहून वाचलं. दुसरा हप्ता मंजूर होता. चौकी गल्लीकडेच राहणार होती. लोक गलका करायला लागले, तेव्हा अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि शेवटची ओळ वाचली. काचेची कपाटं आणि कुलपं यांचा खर्च नामंजूर केला होता. त्यांची आवश्यकता तपासणीत दिसून आली नव्हती. त्याऐवजी वस्तूंच्या तेलपाण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी रक्कम दिली होती. म्हणजे 'नाही' म्हणायचं काम पुन्हा हेडक्लार्कांवरच येऊन पडलं होतं.

त्याची वेळ लवकरच आली. एका सकाळी ते डबा घेऊन चौकीत शिरले, तर कोपऱ्यात मशीन नव्हतं. फरशीवर चार पायांचे ठसे होते आणि ते पुठ्ठ्याचं कार्ड खाली पडलं होतं. दुकानदाराने कबुली दिली की त्यानेच आपल्या हातगाडीवरून ते शिवणवालीकडे पोचवलं. तिला दुसऱ्या शाळेचंही काम मिळालं होतं, तिच्या मोटारीच्या मशीनने बाळ दचकून उठायचं, आणि काकांना काय विचारायचं, ते थोडेच नाही म्हणणार. हे शेवटचं वाक्य हेडक्लार्कांना झोंबलं. चौकीत बसून शिवणं वेगळं आणि घरी उचलून नेणं वेगळं. त्यांनी कार्ड उचललं आणि ते निघाले. आज म्हणायचंच. गल्लीतून जाताना ते तोंडातल्या तोंडात घोकत होते: नाही. असं चालणार नाही. नाही.

शिवणवालीच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच मशीनचा आवाज ऐकू आला. आत पाळण्यात बाळ त्या आवाजावर गाढ झोपलं होतं. पंखा चालू होता, त्याची त्याला गरजही दिसत नव्हती. शिवणवालीने मान वर केली. तिला हेडक्लार्क दिसले, त्यांच्या हातातलं कार्ड दिसलं, आणि तिचे पाय थांबले. ती उठून उभी राहिली. "काका, मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "परत हवंय का? आत्ता आणून देते."

"नाही," हेडक्लार्क म्हणाले.

इतक्या वेळा घोकलेला शब्द, तो न अडखळता आला. शिवणवाली त्यांच्याकडे बघत राहिली. तेही जरा गोंधळून उभे राहिले, पण तो मागे घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. मग ती बसली आणि पुन्हा पायटा हलवायला लागली. तिच्या घराची फरशी उंचसखल होती. मशीनचा एक पाय अधांतरी होता आणि प्रत्येक टाक्याला ते डुगडुगत होतं. हेडक्लार्कांनी ते थोडा वेळ पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले, हातातलं 'हात लावू नये' दोनदा दुमडून त्यांनी त्या पायाखाली सरकवलं, आणि मशीनला हात लावून ते हलत नाही याची खात्री करून घेतली.